हवा सोडण्याआधी

आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला, असं नंतर आजूबाजूच्या सगळ्यांनी सांगितलं. पलीकडच्या रांगेतला इंजिनवाला म्हणे हातातलं टाकून खाली बसला. मला तो आवाज आठवत नाही. मला अंत्वीचं तोंड आठवतं. ते उघडं होतं, आतली जीभ दिसत होती, आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. त्याचा उजवा हात शिकंज्यात आवळलेल्या, गाडीच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या जबड्यात होता. दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, लाकडाचा ठोकळा आणि कॅलिपरच्या लोखंडी नख्या यांच्यामध्ये होती; म्हणजे ती तिथं होती हे मला ठाऊक होतं, दिसत नव्हती. माझ्या हातात हवेची नळी होती आणि माझा अंगठा अजून खटक्यावर होता. हवा फुसफुसत निघून चालली होती, तिच्याबरोबर सडकं तपकिरी ब्रेक ऑइल उडत होतं, अंत्वीच्या दाढीवर, माझ्या ओठांवर. ते कडू लागलं. अंगठा उचलायचा असतो हे मला सुचायला किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेजारचा वेल्डर अद्दाई तोंडावरची काच वर करत धावत आला, त्यानं मला छातीवर धक्का देऊन बाजूला केलं आणि कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. हवा थांबली तरी पिस्टन जिथं येऊन बसला होता तिथंच बसून राहिला. मग मीच पहार घेतली. ठोकळ्याच्या कडेला टेकवली आणि रेटली. अंत्वी तेव्हा ओरडला. ठोकळा निसटला, बोटं सुटली, आणि सुटलेली ती बोटं बोटांसारखी राहिली नव्हती. हातगाडीखाली आलेल्या केळ्यांची मला आठवण झाली, आणि त्याच क्षणी, पहार हातात असतानाच, माझ्या पोटात काहीतरी सैल झालं, उबदार, जुन्या गाठीचं तोंड मोकळं व्हावं तसं. त्याला मी पुढं पुष्कळ नावं देऊन पाहिली. भीती म्हटलं, धक्का म्हटलं. ती नावं बसली नाहीत.

टॅक्सीत तो मधे बसला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अद्दाई. हात माझ्याच शर्टात गुंडाळलेला होता. वाळवंटातून धूळ आणणारा हरमाटनचा वारा सुरू झालेला, सुआमेच्या चौकात धुळीनं समोरची गाडीही धड दिसत नव्हती, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होता. अद्दाईनं विचारलं, “झालं कसं पण? बेदियाको, तू तर या कामात म्हातारा झालास.” मी तोंड उघडलं. माझा शब्द निघण्याआधी अंत्वी बोलला. डोळे मिटलेले, कपाळ घामानं निथळत होतं, पण आवाज स्वच्छ होता. “चूक माझी. मीच ‘सोड’ म्हटलं. बोटं आत राहिली माझी, लक्षात नाही आलं.” अद्दाई हळहळला. “मास्टर असता तर आज तुला उभा सोलला असता,” तो म्हणाला. “असता तर,” अंत्वी म्हणाला, आणि हसल्यासारखं काहीतरी केलं. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. माझ्या उघड्या छातीवर त्याचं रक्त वाळत चाललं होतं आणि कातडी ओढल्यासारखी होत होती.

मास्टर म्हणजे माझा बाप. अमांक्वा मास्टर. ब्रेक म्हटलं की अख्ख्या कुमासीत लोक त्याचंच नाव घेत. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या कॅनडातून बोटीनं येतात, तिथं थकलेल्या, इथं पुन्हा कामाला जुंपलेल्या. तिथं म्हणे रस्त्यावर बर्फ पडतो आणि बर्फावर पोत्यानं मीठ टाकतात. आम्ही बर्फ पाहिला नाही, पण ते मीठ काय करतं ते आमच्याएवढं कुणी पाहिलं नसेल. कॅलिपरच्या आतला पिस्टन, पेल्यासारखा पोकळ, आरशासारखा गुळगुळीत असायला हवा असा, त्या मिठानं आपल्या घरात असा रुतून बसतो की जणू दोघं एकाच लोखंडातून ओतलेत. बापानं मला शिकवलं की त्याच्याशी आधी मारामारी करायची नाही. तेल पाजून ठेवायचं. गरम करायचं, गार होऊ द्यायचं. लाकडानं टिचक्या मारायच्या, आत ढकलून पाहायचं, कारण आत सरकला तर बाहेरही येतो. आणि कशालाच बधला नाही तर ऑइलच्या भोकातून हवा. हवा शेवटी, कारण हवा समोर काय आहे ते बघत नाही. समोर लाकूड धरायचं, आणि लाकूड बसवणाऱ्यानं हात बाहेर काढून स्वतःच्या तोंडानं ‘सोड’ म्हटल्याशिवाय नळीवाल्यानं खटक्याला हात लावायचा नाही. हा नियम बापानं तीस वर्षं मोडू दिला नाही. नळी कायम माझ्या हातात असे, लाकूड अंत्वीच्या. माझा हात हलका, असं बाप म्हणायचा. अंत्वीचा हात जड.

अंत्वी माझा आतेभाऊ, बापाच्या सख्ख्या बहिणीचा, सेरवाआत्याचा मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. आईकडून रक्त येतं, बापाकडून फक्त श्वास, म्हणून बापामागं त्याचं जे काही असेल ते बहिणीच्या मुलाकडे जातं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, जसं आपण मरणार हे ठाऊक असतं. बाप गेला, चाळिसावा दिवस झाला, आणि शनिवारी बापाच्या कुळाचे वडीलधारे आत्याच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. दारूचा पेला जमिनीवर ओतला गेला, पूर्वजांना हाक मारली गेली, आणि गॅरेज, शिकंजा, कॉम्प्रेसर, बापाची बसायची खुर्चीसुद्धा अंत्वीच्या नावानं झाली. कुणी आवाज चढवला नाही. मी पाहुण्यांच्या रांगेत होतो. पाहुणाच होतो. माझं कुळ वेगळं. मग अंत्वी उभा राहिला, काळ्या वस्त्राचा पदर खांद्यावर सारखा करत म्हणाला, “बेदियाको कुठं जाणार नाही. होता तसाच माझ्याजवळ राहील. त्याचं पोट तेच माझं पोट.” म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आत्यानं माझ्याकडं पाहून डोळे पुसले. माझ्या कानांत रक्त इतकं वाजत होतं की पुढचं काही ऐकू आलं नाही. त्यानं मला हाकललं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. अद्दाईनं वाटेत सांगितलं, “आता कायदा आहे, मुलांनाही वाटा मिळतो, वकील गाठ.” मी म्हटलं, “बापाच्या बहिणीला कोर्टात उभी करू?” तो म्हणाला, “मग गप बस.” मी गप बसलो. रविवारी चर्चमध्ये गेलो नाही. सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये गेलो, तर अंत्वी माझ्याआधी आलेला होता, आणि बापाच्या खुर्चीत नव्हे, पलीकडच्या टायरवर बसून आंबवलेल्या मक्याचं केंके खात होता. अर्धं माझ्यासाठी पानात राखलेलं होतं. “खा,” म्हणाला. “मग त्या मिनीबसचा कॅलिपर घेऊ. तीन दिवस तेलात पडलाय, अजून हलत नाही.”

इस्पितळात त्याला आत नेलं आणि मला बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर हिरवा रंग होता, त्याचे पोपडे सुटलेले. मी ते पोपडे बघत होतो आणि डोक्यात एकच गोष्ट चालू होती. तो काहीतरी म्हणाला होता. हवा सोडण्याआधी तो काहीतरी म्हणाला होता हे नक्की. अद्दाईचा ग्राइंडर चालू होता, कॉम्प्रेसर धडधडत होता, त्याची पाठ अर्धवट माझ्याकडे होती. लाकूड तिरकं झालं होतं, ते सरळ करायला त्यानं बोटं घातली, आणि तो काहीतरी म्हणाला. एक शब्द. मी तो शब्द जिभेवर घोळवून पाहत होतो. ‘सोड’ असेल. तोच म्हणतो ना ‘सोड’ म्हटलं म्हणून. ज्याची बोटं गेली तो सांगतो, मग मी कोण नाही म्हणणारा. असा विचार केला की थोडं बरं वाटे, आणि बरं वाटलं की बापाचा चेहरा समोर येई.

बापानं मला जन्मात कधी मारलं नाही. हे ऐकून लोकांना वाटतं, नशीबवान. अंत्वीला मात्र त्यानं इतकं मारलं की उन्हाळ्यात शर्ट काढला की त्याच्या पाठीकडं बघवत नसे. तो लाकडानं मारायचा नाही, ब्रेकच्या जुन्या रबरी नळीनं मारायचा, टोकाला पितळी तोटी असलेल्या. मी बाराएक वर्षांचा असताना एका मोठ्या साहेबाच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये आतून खोल ओरखडा पडला. तो मी पाडला होता. कुणी बघत नसताना अडकलेला पिस्टन मी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला गेलो होतो. बाप आला, बोट आत फिरवलं, ओरखडा बोटाला लागला, आणि त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. नळी घेतली आणि अंत्वीला पकडलं. पहिला फटका, दुसरा, तिसरा. अंत्वीनं माझ्याकडे पाहिलं आणि नाव घेतलं नाही. पाचव्या की सहाव्या फटक्याला मी मधे गेलो आणि ओरडलो, “बाबा, मी केलं. त्यानं नाही, मी.” बाप थांबला. धापा टाकत होता. त्यानं मला पाहिलं, अगदी शांतपणे, परक्याच्या मुलाकडं पाहावं तसं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तू घरी जा,” म्हणाला. “आईला सांग, जेवायला वाढ म्हणून. तुला मारायला मी कोण? तुझ्या मामानं मारावं.” आणि तो पुन्हा वळला. मी काळ्या, ऑइल प्यालेल्या मातीतून चालत निघालो आणि मागं फटके मोजत गेलो. अकरापर्यंत ऐकू आले. माझा मामा लांब कोकोच्या बागेत राहायचा, वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचा, मला नावानं ओळखायचाही नाही. त्या दिवशी घरी मी जेवलो नाही. पाटाखाली पडलेली सुतळी घेतली आणि आई नसताना स्वतःच्या मांडीवर मारून पाहिली. मारताना आपोआप हात आखडतो. आपल्याला लागत नाही. लागण्यासाठी दुसरं कुणीतरी लागतं, आपल्याला आपलं मानणारं.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, दोन्ही बोटं मधल्या पेरापर्यंत काढावी लागली. नातं विचारलं. मी म्हटलं, भाऊ. त्यांनी लिहून घेतलं. आत्याला निरोप गेलेला होता, ती रडत आली, माझ्या गळ्यात पडली, “तू होतास म्हणून बरं, नाहीतर कुणी आणलं असतं त्याला,” म्हणाली. तिच्या डोक्याला खोबरेल आणि धुराचा वास होता. मी तिला धरून उभा राहिलो, आणि माझी छाती तिच्या मुलाच्या रक्तानं तिच्या अंगाला चिकटली.

तिथून मी घरी गेलो नाही, गॅरेजमध्येच गेलो. ऊन उतरत होतं. कुणीतरी रक्तावर माती टाकली होती. कॅलिपर अजून शिकंज्यात होता, आणि पिस्टन, तीन दिवस न हललेला, खाली मातीत पडलेला होता. मी तो उचलला. एका बाजूनं मिठानं खाल्लेला, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले, दुसऱ्या बाजूनं अजून चकचकीत. त्यात माझं तोंड वाकडंतिकडं दिसत होतं. तो मी ऐरणीवर ठेवला आणि मोठा हातोडा घेतला. पहिल्या घावाला तो उडाला, पत्र्यावर आदळला, मी जाऊन परत आणला. पकडीनं दाबून धरला आणि घातले घाव, एकावर एक, हात आखडता न घेता. प्रत्येक घावाला दातांपर्यंत झणझण येत होती. पेल्याचं तोंड चेपलं, मग कडा फाटली, मग ते काय होतं हे ओळखू येईनासं झालं. अद्दाई त्याच्या दारातून बघत होता. बराच वेळ बघत राहिला, मग जवळ आला. “मेलेल्याला मारतोस होय,” म्हणाला. मी म्हटलं, “तू काय ऐकलंस?” “कधी?” “त्या वेळी. तो काय म्हणाला?” अद्दाईनं हातमोजे काढले, झटकले. “माझा ग्राइंडर चालू होता,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो गेल्यावर हातोडा जड झाला. मी खाली बसलो, आणि तिथं, कुणीही विचारत नसताना, तो शब्द आला. पुसट नव्हता, ग्राइंडरच्या आवाजात बुडालेला नव्हता. अंत्वीनं मान थोडी वळवली होती आणि माझ्याकडे बघत म्हटलं होतं, “थांब.” मी ते ऐकलं होतं. ऐकणं आणि दाबणं यांच्यामध्ये जागा होती. एक श्वास मावेल एवढी. त्या जागेत मी उभा होतो, मला त्याची बोटं दिसत होती, आणि नळी माझ्या हातात होती, आणि हात हलका होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो तेव्हा आत्या त्याला भरवत होती. मांडीवर वाडगा, मटणाचं पातळ कालवण, त्यात कुटलेल्या कंदाच्या फुफूचा गोळा. ती चिमटीनं लचका तोडायची, कालवणात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. चार खाटा सोडून कुणीतरी कण्हत होतं. अंत्वीचा उजवा हात पांढऱ्या गोळ्यासारखा उशीवर ठेवलेला, डाव्या हाताला सलाइन. मला बघून तो म्हणाला, “ये. मिनीबसवाला आला होता का?” “आला होता,” मी म्हटलं. “दुसरा कॅलिपर शोधतो म्हटलंय त्याला.” “का? आपलाच बसला असता की. नवा पिस्टन टाकून.” आत्या म्हणाली, “बस रे बाबा. तूही दोन घास घे, तोंड बघ कसं झालंय.” तिनं खरोखरच एक घास माझ्याकडं धरला.

मी म्हटलं, “आत्या, तो ‘सोड’ म्हणाला नव्हता.”

“गप बस, बेदियाको,” अंत्वी म्हणाला.

“तो ‘थांब’ म्हणाला होता. मला ऐकू आलं होतं.”

“ह्याला झोप नाही, आई. काहीही बडबडतोय. तू घरी जा रे,” अंत्वी म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “मी सांगतो ना मी म्हटलं म्हणून. माझी बोटं, माझं तोंड. तुला कुणी विचारलंय?”

“ऐकलं आणि दाबलं,” मी म्हटलं. “त्याची बोटं आत होती. मला दिसत होती.”

आत्यानं तो घास परत वाडग्यात ठेवला. वाडगा खाटेखाली सारला, बोटं फडक्याला पुसली, एकेक करून. मग उठली. ती ठेंगणी बाई, माझ्या खांद्याएवढी. तिनं मला तोंडात मारली. मग दुसऱ्या हातानं दुसऱ्या बाजूला. मग मुठी वळून छातीवर, मानेवर, कानावर, जिथं लागेल तिथं, दात आवळून, एक अक्षर न बोलता. मी हात वर केले नाहीत. ओठ फुटला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, दारात नर्स आली आणि थबकली. कानात शीळ वाजत होती आणि त्या शिळेतून मला आत्याचा श्वास ऐकू येत होता, बापाच्याच घराण्यातला, तसाच धापा टाकणारा. मग तिचे हात थकले. ती खाटेच्या कडेला बसली, वस्त्राचा पदर तोंडावर घेतला. “माझ्या भावाचं पोर,” ती पदरातून म्हणाली. “माझ्या भावाचं पोर आहेस तू.” शिवी होती की काय होतं, मला कळलं नाही. नर्सनं विचारलं, “ह्याला बाहेर काढू का?” आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “मला सकाळपासून त्याला एकटीला उचलवत नाहीये. लघवीला न्यायचंय. ने त्याला.”

मी त्याला उठवलं. सलाइनची बाटली अंत्वीनं डाव्या हातात वर धरली, उजवा गुंडाळलेला हात माझ्या खांद्यावर टाकला. औषधानं त्याचे पाय लटपटत होते. लांबलचक व्हरांडा, खाली फिनेल मारलेलं. संडासात बाटली मी खिळ्याला अडकवली, त्याच्या पायजम्याची नाडी सोडली, त्याला कंबरेत धरलं. त्याला लगेच होईना. आम्ही तसेच उभे राहिलो, भिंतीकडं तोंड करून. त्याच्या पाठीवरच्या जुन्या वळांची उंचसखल रांग पातळ सदऱ्यातून माझ्या दंडाला लागत होती.

“का सांगितलंस?” तो म्हणाला. “निभावलं होतं मी.”

“तू का निभावलंस?”

“सवय,” तो म्हणाला. मग, “आता म्हातारे बसतील. तुला काढ म्हणतील. आई आता गप राहणार नाही.”

“काढ मग.”

“आणि पिस्टन कोण काढणार? हा?” त्यानं पांढरा गोळा किंचित उचलला, माझ्या कानाजवळ. त्याला आयोडिनचा आणि आतून रक्ताचा वास होता. “एक खरं सांग,” तो म्हणाला. “आई नाहीये इथं. दाबलंस तेव्हा काय वाटलं तुला?”

माझा ओठ सुजून जड झाला होता, शब्द नीट येत नव्हते. समोरच्या भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं.

“बरं वाटलं,” मी म्हटलं.

शेवटी त्याला झाली, थेंब थेंब, मग धार. ती संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत उभे होतो. मी नाडी बांधली, खिळ्यावरची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं तो पांढरा हात पुन्हा माझ्या खांद्यावर टाकला, आणि सगळा भार टाकला. दुसरीकडं टाकायला जागा नव्हती.